थकवा कमी करण्यासाठी शरीराचे घड्याळ कसे लावावे

सकाळी उठतानाच अंग जड असणे, दुपारच्या जेवणानंतर डोळे मिटू लागणे, संध्याकाळी घरी परतल्यावर कोणाशी बोलण्याचेही त्राण न उरणे आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र झोप न येणे, ही तक्रार नागपुरातल्या कितीतरी घरांत ऐकू येते. तिचे कारण म्हणून ‘हार्मोन बिघडले असतील’ असे आपण सहज म्हणून जातो. त्यात तथ्य असू शकते. परंतु हार्मोन, म्हणजेच संप्रेरके, एखादे चूर्ण किंवा काढा घेऊन तोलात आणता येत नाहीत. त्यांतील अनेकांना स्वतःचे वेळापत्रक असते. जागे राहण्यास आणि ताणाला तोंड देण्यास मदत करणारे कॉर्टिसॉल पहाटे वाढू लागते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर पोहोचते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली येते. झोपेची वेळ झाल्याचे सांगणारे मेलाटोनिन अंधार पडल्यावर स्रवू लागते. वाढीचे संप्रेरक रात्रीच्या पहिल्या गाढ झोपेत अधिक स्रवते. आणि एकच जेवण सकाळी घेतले तर रक्तातील साखर लवकर आटोक्यात येते, रात्री घेतले तर ती अधिक वाढते आणि उशिरा उतरते. हे सारे चालवणारे मुख्य घड्याळ मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर असते. पेशींच्या आत हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा केल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

थकव्यावर दिनचर्येतून उपाय करायचा असेल, तर उजेड, झोप, जेवण आणि हालचाल यांच्या वेळा एवढेच खऱ्या अर्थाने आपल्या हाती असते. मी डॉक्टर नाही. गेली अनेक वर्षे थायरॉईडची गोळी घेणारी नागपूरकर आहे, आणि या वेळा सांभाळल्याने व न सांभाळल्याने काय फरक पडतो हे स्वतःच्या शरीरावर पाहिलेले आहे. पुढील सूचना त्या अनुभवातून आणि वैद्यकशास्त्रात मान्य असलेल्या गोष्टींतून लिहिल्या आहेत.

आधी रक्त तपासून घ्यावे

दिनचर्या बदलण्याआधी तपासणी, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण रक्तक्षय किंवा थायरॉईडचा आजार पहाटे उठल्याने बरा होत नाही, आणि सहा महिने केवळ दिनचर्येवर विसंबून राहिल्यास तेवढा काळ आजार वाढत राहतो. थकवा तीन-चार आठवड्यांहून अधिक टिकला असेल तर जवळच्या डॉक्टरांकडे, किंवा नागपुरातील मेडिकल, मेयो या शासकीय रुग्णालयांच्या अथवा मिहानमधील एम्सच्या मेडिसिन ओपीडीत जाऊन हिमोग्लोबिन व रक्तपेशींची पूर्ण तपासणी, टीएसएच (थायरॉईडचे काम दाखवणारी तपासणी), उपाशीपोटीची साखर किंवा एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर), बी-१२, ड जीवनसत्त्व, तसेच यकृत व मूत्रपिंडाच्या तपासण्या यांपैकी कोणत्या आपल्याला हव्यात, हे विचारावे. देशात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे थकलेल्या स्त्रीच्या बाबतीत संप्रेरकांच्या आधी संशय हिमोग्लोबिनवर घ्यावा. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीमध्ये ते दर डेसिलीटरला १२ ग्रॅमपेक्षा आणि पुरुषामध्ये १३ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय समजला जातो.

विदर्भासाठी येथे एक गोष्ट वेगळी सांगणे भाग आहे. आपल्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि हिमोग्लोबिन कमी दिसले की दुकानातून लोहाच्या गोळ्या आणून खाणे हे सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असलेल्या व्यक्तीसाठी निरुपयोगी, प्रसंगी अपायकारक ठरू शकते. वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेले असते. घरात कोणाला सिकलसेल असेल, लहानपणापासून सांधे किंवा हाडे दुखण्याचे झटके येत असतील, तर ती तपासणी आधी करून घ्यावी. शासकीय रुग्णालयांत ती होते, आणि १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचे अभियानही सुरू आहे.

थायरॉईडविषयी थोडे विस्ताराने लिहिते. ही गळ्यातील ग्रंथी मंदावली की थकव्याबरोबर थंडी अधिक वाजणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, वजन वाढणे आणि पाळीत अतिरक्तस्राव अशी लक्षणे हळूहळू दिसू लागतात. गोळी सुरू झाल्यावर ती सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यायचा नसतो, हे मला पहिली दोन वर्षे कोणी सांगितले नव्हते. मी गोळी चहाबरोबर घेत होते, दुपारी घ्यायची कॅल्शियमची गोळीही लक्षात राहावी म्हणून तेव्हाच घेत होते, आणि टीएसएच उतरत नाही म्हणून मात्रा वाढत होती. कॅल्शियम आणि लोह या दोन्ही गोळ्या थायरॉईडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवाव्या लागतात. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यामुळे थायरॉईडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी ते थांबवण्यास सांगितले जाते.

वजन आपोआप घटणे, ताप रेंगाळणे, धाप लागणे, छातीत दुखणे, काळी शौचास होणे, फार तहान लागून वारंवार लघवीला जावे लागणे, किंवा रक्तदाब कमी असताना त्वचा काळवंडत जाणे आणि मीठ खावेसे वाटणे, यांपैकी काहीही असेल तर विलंब करू नये. झोपेत मोठ्याने घोरून श्वास मध्येच थांबत असेल तर तोही थकव्याचा स्वतंत्र आजार आहे. मन सतत उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर थकव्याचे मूळ तिथेही असू शकते, आणि त्यासाठी शासनाच्या टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते.

सकाळचा उजेड

तपासणीत मोठा आजार निघाला नाही, किंवा निघून त्यावर उपचार सुरू झाले, की पहिला बदल उठण्याच्या वेळेचा करावा. झोपण्याची वेळ आपल्या हुकमात नसते, उठण्याची असते. रोज एकाच वेळी उठावे, रविवारीही अर्ध्या तासाहून अधिक फरक पडू देऊ नये, आणि उठल्यावर तासाभराच्या आत पंधरा ते तीस मिनिटे उघड्यावर घालवावीत. घरातील दिव्यांचा प्रकाश सहसा काही शे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, तर बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारोंच्या घरात असतो. डोळ्यांवाटे पोहोचणारा हा उजेड मेंदूतील घड्याळाला दिवस सुरू झाल्याची खबर देतो, आणि रात्रीचे मेलाटोनिन किती वाजता स्रवू लागेल तेही बऱ्याच अंशी त्याच वेळी ठरते. सूर्याकडे पाहण्याची गरज नाही, पाहूही नये.

नागपुरात यासाठी जागा शोधावी लागत नाही. अंबाझरी, फुटाळा, तेलंगखेडी, सेमिनरी हिल्स, महाराजबाग, किंवा आपल्या वस्तीतील एखादे मैदान; तेही शक्य नसेल तर गच्चीवर जाऊन वाळत घातलेले कपडे काढणे आणि कुंड्यांना पाणी घालणे एवढेही पुरते. मे महिन्यात येथे साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो आणि आठ वाजता ऊन अंगाला बोचू लागते, म्हणून उन्हाळ्यात हे काम सातच्या आत उरकावे. डिसेंबरात सूर्योदय पावणेसातच्या आसपास होतो, त्यामुळे हिवाळ्यात साडेपाचला उठून अंधारातच फेरी मारून परतणाऱ्यांना व्यायाम मिळतो, उजेड मिळत नाही. त्यांनी फेरी तासभर पुढे ढकलावी.

उन्हाळ्यातील झोप

प्रौढ माणसाला सात ते नऊ तास झोप लागते. तरुण, निरोगी पुरुषांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिल्यावर त्यांचे दिवसातील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक १० ते १५ टक्क्यांनी घटल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात आढळले होते. झोप तुटली की कॉर्टिसॉल संध्याकाळी उतरायचे तितके उतरत नाही, भूक वाढवणारे संप्रेरक बळावते, आणि दुसऱ्या दिवशी गोड व तळलेले खाण्याची ओढ लागते; त्या ओढीला आपण मनाचा दुबळेपणा समजतो, तो समज चुकीचा आहे.

आता प्रश्न असा की पारा ४५ अंशांच्या पुढे गेलेला असताना आणि रात्रीही भिंती तापलेल्या असताना झोपायचे कसे. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते. कूलर लावताना समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवले नाही तर खोलीत दमटपणा साचतो, घाम वाळत नाही, आणि गार वारा असूनही जीव घाबरा होतो. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवून विरुद्ध दिशेला हवा जायला वाट ठेवावी. झोपण्यापूर्वी तासभर आधी कोमट पाण्याने आंघोळ केली तर त्वचेकडे रक्त वळते आणि आतील उष्णता बाहेर पडते. अगदी बर्फासारख्या पाण्याची गरज नसते. गच्चीवर झोपण्याची आपली जुनी पद्धत यासाठी उत्तमच आहे, कारण पहाटेचा उजेडही आपोआप मिळतो, मात्र मच्छरदाणी हवी. कूलरच्या टाकीतील पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी घासावी. डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतात, आणि डेंग्यूनंतरचा थकवा कित्येक आठवडे पाठ सोडत नाही. जुलैत हवा दमट झाली की कूलर उपयोगाचा राहत नाही, पंखाच बरा.

उन्हाळ्यात दुपारी बाजार ओस पडतो आणि घरोघरी माणसे आडवी होतात, यात आळस नाही. ती डुलकी वीस ते तीस मिनिटांची असावी आणि तीनच्या आत संपावी. दीड-दोन तास झोपणाऱ्यांना उठल्यावर अधिक जड वाटते आणि रात्री बारापर्यंत झोप येत नाही. रात्री झोपेच्या तासभर आधी मोठे दिवे मालवून एक मंद दिवा ठेवावा; मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावण्याची सवय जडली तर उरलेले काम आपोआप होते.

उष्णतेत पाणी कमी पडले की मेंदूतील पिट्यूटरी ग्रंथी व मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथी पाणी आणि मीठ राखून ठेवणारी संप्रेरके सोडतात, लघवी गडद होते, डोके जड होते आणि थकवा येतो. लघवीचा रंग फिकट पिवळा राहील इतके पाणी प्यावे, आणि बाहेर घाम गाळून आल्यावर नुसते पाणी न पिता मीठ घातलेले ताक, कैरीचे पन्हे, लिंबाचे सरबत किंवा ज्वारीची आंबील घ्यावी. रक्तदाबाच्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पाण्याचे आणि मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. सिकलसेल असलेल्यांनी तर उन्हात कोरडे पडूच नये, कारण त्यातून दुखण्याचा झटका येऊ शकतो.

ताटात काय आणि किती वाजता

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे साठ किलो वजनाला पन्नास ग्रॅम. आता आपल्या ताटाचा हिशेब करून पाहावा. एका वाटी वरणात पाच-सहा ग्रॅम, एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात ग्रॅम. सकाळी चहा-पोळी, दुपारी भात-पातळ वरण आणि रात्री पोळी-बटाट्याची भाजी असे जेवण असेल तर पन्नासचा आकडा गाठणे कठीण जाते, आणि बहुधा हेच जेवण स्त्रिया सर्वांना वाढून झाल्यावर, उरलेल्यातून जेवतात. प्रथिने कमी आणि पिष्ट पदार्थ अधिक असले की साखर झपाट्याने वाढते, इन्सुलिनही तितकेच उसळते, आणि दुपारी तीनच्या सुमारास ग्लानी येते.

उपाय आपल्याच स्वयंपाकघरात आहे. नागपूरचे तर्री पोहे हा पदार्थ मला या दृष्टीने पुष्कळच चांगला वाटतो, कारण त्यात हरभरा असतो. घरी करताना तर्रीवरचे तेल कमी करून हरभऱ्याचे प्रमाण दुप्पट करावे, वर सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू घालावे, शक्य असल्यास सोबत उकडलेले अंडे किंवा वाटीभर दही घ्यावे. दुपारी ज्वारीची भाकर, घट्ट वरण किंवा झुणका, अंबाडीची वा बरबटीच्या (चवळीच्या) शेंगांची भाजी, जवसाची चटणी आणि ताक, हे विदर्भातील साधे जेवण कोणत्याही महागड्या डब्यातील भुकटीपेक्षा उजवे आहे. सावजी रस्सा आवडीने खावा, पण तो दुपारी; रात्री नऊनंतरचे तिखट-तेलकट जेवण झोपेत जळजळ होऊन उतरते. रात्रीचे जेवण झोपण्याच्या किमान दोन-तीन तास आधी व्हावे, आणि प्रत्येक मोठ्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे, कारण चालताना स्नायू रक्तातील साखर स्वतःकडे ओढून घेतात आणि इन्सुलिनवरचा भार हलका होतो.

चहा जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतल्यास डाळी-पालेभाज्यांतील लोह नीट शोषले जात नाही, म्हणून दोहोंत तासभर अंतर असावे. उलट क जीवनसत्त्वाने ते अधिक शोषले जाते; आंबिया आणि मृग अशा दोन बहारांची संत्री आपल्या शहरात हिवाळ्याच्या सुरुवातीपासून फाल्गुनापर्यंत मिळत असताना जेवणानंतर एक संत्रे खाण्याइतका सोपा उपाय दुसरा नाही. रस न काढता फोडी खाव्यात. मीठ आयोडीनयुक्तच असावे. सैंधव किंवा काळे मीठ चवीपुरते ठीक, परंतु घरात तेवढेच वापरल्यास थायरॉईडला लागणारे आयोडीन कमी पडू शकते. शाकाहारी माणसांमध्ये बी-१२ ची कमतरता वारंवार दिसते आणि ती आहाराने भरून निघणे अवघड असते, तिथे गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे लागते.

चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे शेवटचा चहा चारच्या आत घ्यावा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचे मिश्रण, त्याविषयी स्पष्टच लिहिते: त्यातील तंबाखूच्या निकोटिनने क्षणभर तरतरी येते, ती उतरली की थकवा आणखी वाढतो, झोप मोडते, आणि तोंड उघडेनासे होण्यापासून कर्करोगापर्यंतची दुखणी त्यातून येतात. खर्रा सोडलेल्यांना पहिले दोन-तीन आठवडे अधिक गळून गेल्यासारखे वाटते. ते सोडण्याचे लक्षण आहे, पुन्हा सुरू करण्याचे कारण नाही.

हालचाल

आठवड्याला १५० मिनिटे दमसास वाढवणारी हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद लावायला लावणारा व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पहिला भाग चालण्याने होतो. दुसरा भाग आपल्याकडे जवळजवळ कोणी करत नाही, आणि चाळिशीनंतर तोच अधिक लागतो, कारण जितके स्नायू अधिक तितके इन्सुलिन चांगले लागू पडते. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे, यापासून सुरुवात करावी. मात्र आधीच गळून गेलेल्या माणसाने उपाशीपोटी तासभर धावू नये. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसेल तर प्रमाण निम्मे करावे.

पाळी, चाळिशी आणि पुरुष

पाळीच्या आधीच्या आठवड्यात थकवा वाढणे स्वाभाविक आहे आणि त्या दिवसांत व्यायाम हलका करण्यात काही गैर नाही. परंतु दोन तासांच्या आत पॅड भरत असेल, गाठी जात असतील, तर हा रक्तस्राव थकव्याचे थेट कारण असू शकतो. चाळिशीनंतर इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचे प्रमाण वरखाली होऊ लागते, रात्री घाम फुटून झोपमोड होते, आणि सकाळी सासू-सुनेच्या कामांत तो थकवा कोणाच्या लक्षात येत नाही. याला उपचार आहेत आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्यांविषयी संकोच न करता बोलावे. पुरुषांमध्ये पोटाचा घेर वाढत जाऊन टेस्टोस्टेरॉन घटणे ही अधिक आढळणारी गोष्ट आहे. त्याची तपासणी सकाळच्या रक्तावरच करायची असते, आणि जाहिरातीतील इंजेक्शने किंवा कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

‘ॲड्रिनल थकली आहे’ असे सांगून महागडी पाकिटे विकली जातात. अशा नावाचे निदान संप्रेरकतज्ज्ञ मान्य करत नाहीत. सांधेदुखी किंवा अशक्तपणासाठी कोणी बिननावाची पुडी देत असेल तर त्यात स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते. चार दिवसांत अंगात बळ आल्यासारखे वाटते, आणि काही महिन्यांनी शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल बनणे मंदावते. अशी पुडी बराच काळ घेतली असेल तर ती एकदम बंद करणे धोक्याचे आहे. पुडी हातात घेऊनच डॉक्टरांकडे जावे. अश्वगंधाही थायरॉईडच्या किंवा यकृताच्या रुग्णांनी विचारल्याशिवाय घेऊ नये.

पाळ्यांत काम करणाऱ्यांसाठी

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत, रुग्णालयांत किंवा पहाऱ्यावर रात्रपाळी करणाऱ्यांना वरील वेळा तशाच पाळता येणार नाहीत. त्यांनी पाळी संपल्यावर घरी येताना गडद चष्मा लावावा, मात्र गाडी चालवताना डोळा लागत असेल तर आधी थांबून डुलकी घ्यावी. घरी जाड पडदे लावून रोज ठराविक वेळी झोपावे, आणि रात्री बारा ते पाच या वेळेत भरपेट जेवण टाळून भाजलेले फुटाणे, ताक, अंडे असे हलके काही घ्यावे. घरातील माणसांनी त्या दुपारी मिक्सर आणि टीव्ही बंद ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

सुरुवात करताना

सर्व बदल एकाच सोमवारी सुरू करू नयेत. पहिले दोन आठवडे केवळ उठण्याची वेळ आणि सकाळचा उजेड सांभाळावा. ते जमले की न्याहारीत प्रथिने, मग रात्रीचे जेवण लवकर, मग ताकदीचा व्यायाम. एका वहीत रोज चारच गोष्टी लिहाव्यात: किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, दुपारी चार वाजता दहापैकी किती उत्साह होता, आणि स्त्रियांनी पाळीचा कितवा दिवस. थायरॉईडच्या गोळीची मात्रा बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासतात. तोपर्यंतची वहीची पाने घेऊन गेलात, तर रुग्णांच्या गर्दीत डॉक्टरांना मिळणाऱ्या मोजक्या मिनिटांत ‘फार थकवा येतो’ या एका वाक्यापेक्षा कितीतरी अधिक त्यांना कळेल.